हरणतोंडी रंजकदाणी

कुंभकोणम्
भाद्रपद वद्य दशमी, शके १८००

तीर्थस्वरूप एकोजी अण्णांच्या चरणी धाकट्या व्यंकोबाचा साष्टांग नमस्कार.

रंजकदाणीसाठी तुम्ही सांगितलेली पितळेची बैठक आजच्या गाडीने पाठवली आहे. किंमत विचारलीत. पितळ माझ्याच दुकानचं, घडणावळ माझ्याच माणसाची, तेव्हा बैठक फुकट समजा. पण त्याच पत्रात तुम्ही लिहिलंत की दाणीसुद्धा आजोबांना फुकटच मिळाली होती, महाराजांची मर्जी म्हणून. तिथे माझी दुकानदारी जागी झाली. बसल्या बसल्या हिशेब मांडला.

महाराजांनी भर दरबारात वीतभर हस्तिदंत दिला. आजोबांनी त्यावर मोहरांचा नजराणा केला. तबक धरणाऱ्याला शेला, पुढे ओरडणाऱ्या चोपदाराला पागोटं. घरापर्यंत वाजतगाजत आणली, ते वाजंत्री आणि मशालजी. घरी सगळ्या गल्लीला जेवण. एवढ्यावर भागलं असतं, पण महाराजांची भेट मिळालेला माणूस दर दसऱ्याला जुन्या अंगरख्यात दरबारी जाऊ शकत नाही. दरसाल नवा पोशाख, दरसाल नवा नजराणा. अशा रीतीने तिरुनागेश्वरम्‌च्या वाटेवरची भाताची दोन्ही शेतं गेली. ती धाकट्या शाखेकडे, म्हणजे माझ्या वडलांकडे यायची होती. सारांश, तुमच्या वाट्याला दाणी आली आणि आमच्या वाट्याला तिची किंमत.

हे रागाने लिहीत नाही. शेतं मिळाली असती तर मी बांधावर बसून राहिलो असतो. डोक्यावर भांडी घेऊन जत्रेत ओरडत फिरलो नसतो आणि आज मोठ्या वीथीत दुकान नसतं. तेव्हा महाराजांचे उपकार माझ्यावरही आहेत, जरा आडवाटेने.

बैठक घडवणारा सुब्रह्मण्य विचारत होता, हे कसलं पात्र, पोट एवढं आणि तोंड एवढंसं. मी म्हटलं, जुन्या बंदुकीच्या कानात चिमूटभर बारीक दारू घालावी लागे, तिला म्हणतात रंजक. ती कमरेला बाळगायची डबी ही. तो म्हणाला, मग तिला हरणाचं तोंड कशाला? म्हटलं, दारू हरणाच्या तोंडून ओतायची आणि मारायचं हरणालाच, ही राजेलोकांची गंमत. तो बराच वेळ हसत होता.

आता कामाचं. दुकानात गिऱ्हाईक माझ्याशी एक बोलतं आणि सोबत्याशी दुसरं. मला दोन्ही ऐकायची सवय आहे. काल कचेरीतले दोघे हंडा बघता बघता बोलत होते. इंग्रजी ऑक्टोबर लागला की हत्यारांचा नवा कायदा येतोय. बंदूक, गोळी, दारू, काहीही परवान्याशिवाय घरात सापडलं की खटला. आज बाजारात दंडोराही झाला.

म्हणून एक विनंती. यंदा खंडेनवमीला दाणी मांडा, हळदकुंकू वाहा, पाहुण्यांना दाखवा. पण 'ती अजून भरलेली आहे' ही गोष्ट सांगू नका. पांडुरंगराव येणार आहेत. तुमच्या पंकजाचं त्यांच्या मुलाशी, वेंकटेशशी, जमत आलं आहे. व्याही व्हायच्या आधी माणसाला दारूच्या कोठारावर बसवू नये.

वहिनींना नमस्कार.

तुमचा
व्यंकोबा

---

तंजावर, किल्ला
आश्विन शुद्ध द्वादशी

चिरंजीव व्यंकोबास एकोजीरावाचे अनेक आशीर्वाद.

बैठक पोचली. काम नेटकं आहे, जरा दुकानी आहे. मखमलीचा तुकडा घातल्यावर शोभली.

तुझा हिशेब वाचला. तुझ्या वहिनीला वाचून दाखवला, ती तोंडाला पदर लावून आत गेली. ऐक. शेतं सगळ्यांकडे असतात. साऱ्या तंजावर दरबारात अशी दाणी एकाच माणसाला दिली गेली, आणि तो माणूस आपले आजोबा. दुसरी अशी नाही, नव्हती. जे एकदाच दिलं जातं त्याला किंमत नसते, हे भांडी विकणाऱ्याला कळायचं नाही.

नवमी उत्तम झाली. गोष्ट मी सांगितली, कारण न सांगणं म्हणजे लपवणं, आणि आपण काही चोरलेलं नाही. पांडुरंगराव तिरुप्पनंदाळहून आगगाडीपर्यंत बैलगाडीने आणि पुढे आगगाडीने आले. सोबत त्यांचे स्नेही कृष्णमूर्ति, इथल्याच कचेरीत असतात. सगळे जेवून पान खात बसले, तेव्हा मी उभा राहून सांगितलं. महाराजांनी आपल्या कोठारातली रंजक भरून, आपल्या हाताने दाणी आजोबांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, 'मल्हारजी, ही भरलेली ठेवा. बोलावू तेव्हा या.' आजोबांनी ती उघडली नाही. वडलांनी उघडली नाही. राज्य गेलं, राजवाड्यातल्या चीजवस्तूंचे लिलाव झाले, लोकांनी तलवारींच्या विळ्या करून घेतल्या, तरी आपल्या घरी ती भरलेली आहे.

कृष्णमूर्ति म्हणाले, "राव, आत आहे हे कशावरून?"

मी दाणी त्यांच्या कानाशी धरून हलवली. "वाजतंय काही?"

"नाही."

"अर्धी असती तर वाजली असती. दाणा हलायला जागा नाही, इतकी ठासून भरली आहे. वजन बघा."

त्यांनी वजन बघितलं आणि घाईने परत केली. मग हसून विचारलं, "परवाना काढलात का?" मी म्हटलं, "परवाना महाराजांच्या तोंडचा आहे." सगळ्या पंगतीने वाहवा केली. पांडुरंगराव तेवढे गप्प होते. भारावले असावेत.

तू फार ऐकतोस, व्यंकोबा. बाजारातलं सगळंच ऐकलं तर माणसाने घरात काही ठेवूच नये.

एकोजीराव

---

तंजावर, किल्ला
आश्विन वद्य तृतीया

चि. व्यंकोबास आशीर्वाद.

घाईत लिहितो. परवा पोलीस इन्स्पेक्टर घरी आला होता. सभ्य माणूस, जोडे बाहेर काढून बसला. कृष्णमूर्तींनी चहाडी केली असं नाही. गोष्ट त्यांना इतकी आवडली की त्यांनी ती चार ठिकाणी सांगितली, आणि चौथं ठिकाण पोलिसांचं निघालं.

तो म्हणाला, "राव, दिवाळी होऊ द्या. त्यानंतर दाणी कचेरीत घेऊन या आणि आमच्या समोर रिकामी करा. पुढे तुमची वस्तू तुम्हाला." मी विचारलं, रिकामी नाही केली तर? त्याने छताकडे बघितलं. खटला होईल, म्हणाला, आणि खटला उभा राहिला की सरकारी तनखा थांबतो.

या घरात तनख्याशिवाय दुसरं काही येत नाही, हे तुला ठाऊक आहे. मार्गशीर्षात पंकजाचं लग्न धरलं होतं. साखरपुड्याचा निरोप पांडुरंगरावांकडून दसऱ्यानंतर लगेच यायचा होता. अजून नाही.

आत दारू आहे असं मी भरल्या पंगतीत सांगितलं. आता नाही म्हणू? आणि आहे म्हणून सांगून इंग्रजाच्या अंगणात ओतून देऊ?

दाणी तुझ्याकडे पाठवतो आहे. तुझी वहिनी नागनाथाला दूध घालायच्या निमित्ताने तुझ्या गावाजवळच्या तिरुनागेश्वरम्‌ला येते, सोबत शेजारच्या मीनाक्षीबाई. तुझ्या दुकानात हजार भांडी. त्यात ही एक कोणाला दिसणार. एकच सांगतो. उघडायची नाही. उघडलीस तर तुला भाऊ म्हणणार नाही.

एकोजीराव

---

कुंभकोणम्
आश्विन वद्य सप्तमी

तीर्थस्वरूप अण्णांस साष्टांग नमस्कार.

दाणी पोचली, वहिनी पोचल्या, मीनाक्षीबाईही पोचल्या, पण तिघींची अवस्था सारखी नव्हती. दाणी उत्तम होती.

वहिनींनी ती ओल्या पंच्यात गुंडाळून, तांदळाच्या पातेल्यात घालून मांडीवर धरली होती. शेजारी पाण्याचा तांब्या. आगगाडीच्या डब्यात एका म्हाताऱ्याने चिरूट काढला तेव्हा त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "मामा, तो आत ठेवा," की त्याने चिरूट ठेवला आणि पुढच्या ठेसनाला स्वतःही उतरला. मीनाक्षीबाईंना पातेल्यात काय आहे ते सांगितलं नव्हतं. मध्येच गाडीला हिसका बसला आणि वहिनींनी एकदम विठोबाचा धावा केला, तेव्हा त्यांनी ओळखलं की तांदूळ नाहीत. मग त्या डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. परतीला त्या वहिनींबरोबर गाडीत बसायला तयार नव्हत्या. पातेलं रिकामं करून दाखवलं तेव्हा बसल्या.

माझ्या घरी विशालाक्षीने दाणी पाहिली आणि दिवाळीचे फटाके शेजारी वाटून टाकले. यंदा आमच्या अंगणात फुलबाजीसुद्धा नाही. दाणी माझ्या उशाशी फडताळात आहे.

अण्णा, मी उघडलेली नाही. उघडणारही नाही. पण दुकानात लपवणार नाही. लपवलेली वस्तू बाहेर ठेवलेल्या वस्तूपेक्षा लवकर दिसते. माझ्या दुकानात दिवसाला दोन पोलीस तरी लोटे बघायला येतात, आणि भाव न करता जातात ते काहीतरी शोधायला आलेले असतात.

माझं असं म्हणणं आहे. इथल्या सब-मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत माझी ओळख आहे. कचेरीची घागर, पंचपात्र, कैद्यांच्या थाळ्या, सगळं माझ्याकडून गेलं आहे. तिथला हवालदार स्वामीनाथ जुन्या पलटणीतला, दारूगोळ्याचं त्याला कळतं. तुम्ही या. तुमच्या देखत, तुमच्या हाताने दाणी दाखवू. तो जो काय शेरा लिहील तो तंजावरला चालेल, असं मी विचारून ठेवलं आहे.

एक विचारतो, रागावू नका. आजोबांनी त्या दाणीतून दारू ओतताना कोणी पाहिलं आहे? तुमच्या वडलांनी? तुम्ही? माझ्या कानाला एक शंका आली आहे. ती पत्रात लिहीत नाही. तुम्ही समोर असताना कळलेली बरी.

तुमचा
व्यंकोबा

---

तंजावर, किल्ला
आश्विन वद्य दशमी

व्यंकोबा,

तुझी शंका मला समजली. आत दारू आहे म्हणून तुला दुकानाची भीती वाटते आहे. तसं सरळ लिहायचंस. कचेरीला थाळ्या विकणाऱ्याला कचेरीत जायला काय वाटणार.

ओतताना कोणी पाहिलं, असं विचारतोस. कोणीच पाहिलं नाही, तोच तर अभिमान आहे. ओतायची नव्हतीच. ठेवायची होती.

तुला एक सांगतो, पंगतीत कधी सांगितलं नाही. माझे वडील गेले तेव्हा मी उशाशी होतो. राज्य खालसा होऊन दोन वर्षं झाली होती. त्यांची वाचा गेली होती. त्यांनी खुंटीकडे बोट दाखवलं. मी दाणी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती हलवून कानाशी धरली. काही वाजलं नाही, तसं त्यांनी मान डोलावली आणि मला परत दिली. दुसरं काही दिलं नाही, द्यायला नव्हतंच.

शेतं गेली, बंदूक गेली, घोडा माझ्या जन्माच्या आधीच गेला होता. ज्याने बोलावायचं तोही गेला. तरी आम्हाला जे ठेवायला सांगितलं ते आम्ही ठेवलं, एवढं एक वाक्य माझ्याकडे आहे. ते इंग्रजाच्या अंगणात सांडून आलो तर पंकजाच्या लग्नात व्याह्यांसमोर मी कोण म्हणून उभा राहू?

दिवाळी झाली की मी स्वतः येतो. दाणी घेईन आणि तंजावरला जाऊन सांगेन की भरलेली आहे, रिकामी करणार नाही, काय करायचं ते करा. तू मध्ये पडू नकोस.

एकोजीराव

---

तंजावर
कार्तिक शुद्ध तृतीया

व्यंकोबा भावोजींस अंबाबाईचा नमस्कार.

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून वाचा. त्यांना न सांगता लिहिते आहे.

हे दिवाळीला जेवले नाहीत. केलेलं सगळं पंकजाने शेजारी वाटलं. परवा पेटीतला जुना अंगरखा काढून उन्हात घातला, आणि काल मला विचारत होते, तुरुंगात पागोटं घालू देतात का. मी म्हटलं, घालू देत असतील, पण वाळवायला जागा देत नसतील. हसले नाहीत. या घरात मी आले तेव्हापासून माझ्या बोलण्यावर ते हसले नाहीत असं पहिल्यांदाच झालं.

पंकजा काही बोलत नाही. पांडुरंगरावांचा निरोप नाही. ती दाराचा आवाज झाला की उठते आणि मग पाणी आणायला उठले होते असं दाखवते.

हे सप्तमीच्या सकाळच्या गाडीने तिकडे येतात. परत येताना ते दाणी घेऊन सरळ कचेरीत जातील. भावोजी, तुम्ही तोंडाने गोड आहात, तुमच्याकडे आलेलं गिऱ्हाईक कढई घ्यायला येतं आणि हंडाही घेऊन जातं असं ऐकते. यांना काहीतरी विका. काय ते मला ठाऊक नाही. त्यांचं बोलणं खाली पडू नये आणि ते घरी यावेत, एवढं करा.

मी दाणी मांडीवर घेऊन तुमच्याकडे आले ना, तेव्हा वाटेत माझ्या मनात आलं, उडाली तर निदान सुटू सगळे. मग नागनाथाची क्षमा मागितली.

अंबाबाई

---

कुंभकोणम्
कार्तिक शुद्ध अष्टमी

सौभाग्यवती वहिनींस व्यंकोबाचा नमस्कार.

पहिलं आधी लिहितो. अण्णा सुखरूप आहेत. खटला नाही. तनखा चालू राहील. दाणीसुद्धा परत मिळाली आहे. हे पत्र लिहितो आहे तेव्हा ते माझ्या ओसरीवर झोपले आहेत आणि घोरण्याचा आवाज दुकानापर्यंत येतो आहे. उद्याच्या गाडीने येतील. आता बसा आणि पुढचं सावकाश वाचा.

काल सकाळी ते उतरले. जुना अंगरखा, पागोटं, कपाळाला गंध. मी काही बोललो नाही. दाणी फडताळातून काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "अण्णा, गाडी दुपारची आहे. वाटेत कचेरी आहे. तुम्हाला जे तंजावरला सांगायचं ते आधी इथे सांगून बघा. सवय होईल."

त्यांना हे पटलं. भाषण त्यांचं तयारच होतं.

कचेरीच्या दारात बघतो तर पांडुरंगराव उभे. मी त्यांना निरोप धाडला नव्हता. तिरुप्पनंदाळपर्यंत बातमी आपल्या पायांनी गेली होती. अण्णांचा चेहरा उतरला. व्याह्याच्या देखत व्हायला नको होतं, असं त्यांच्या मनात आलं असणार. पण पाऊल मागे घेतलं नाही.

मॅजिस्ट्रेट तरुण अय्यर आहेत, कंटाळलेले. अण्णांनी उभ्याने सगळं सांगितलं. महाराज, मल्हारजी, भरलेली ठेवा. शेवटी म्हणाले, "मी ही रिकामी करणार नाही. तसं लिहून घ्या."

"राव," मॅजिस्ट्रेट म्हणाले, "तुम्ही रिकामी करणार नाही, मग मी लिहू काय?"

तेव्हा मी पुढे झालो. "हुजूर, रिकामी करायला नको. फक्त उघडून बघू. महाराजांचा हुकूम भरलेली ठेवा असा होता. बंद ठेवा असा नव्हता. काय अण्णा?"

अण्णा विचारात पडले. ते हट्टी असले तरी खोटे नाहीत. म्हणाले, "बंद ठेवा असं नव्हतं."

मग सगळी वरात अंगणात गेली. स्वामीनाथ हवालदाराने पाण्याच्या चार घागरी भरून ठेवल्या, माझ्याच दुकानच्या. सगळ्यांना लांब उभं केलं. मॅजिस्ट्रेट सगळ्यांत लांब. दाणी पायरीवर ठेवून स्वामीनाथ तिच्यापुढे मांडी घालून बसला. हरणाच्या तोंडावरचं ते चांदीचं झाकण हलेना. हलेल कसं? आपल्याकडे दर नवमीला तिच्यावर चंदन, हळद, कुंकू, तूप चढवायचं, आणि महाराजांची वस्तू म्हणून कोणी घासून पुसायची नाही. इतक्या वर्षांचा थर बसून तोंड लिंपल्यासारखं झालं होतं. त्याने कोमट तिळाचं तेल सोडलं, थांबला, पुन्हा सोडलं. चिंधीवर कुंकू उतरायला लागलं. मग झाकण कट् करून उघडलं.

पांडुरंगरावांनी डोळे मिटले. काही झालं नाही.

स्वामीनाथ वाकून बघत राहिला. "आत अंधार नाही," म्हणाला.

"म्हणजे?" मॅजिस्ट्रेट लांबूनच.

"भोकात बघितलं तर काळोख दिसायला हवा, नाहीतर दारू. इथे पांढरं दिसतंय."

त्याने दाभण घातलं. जवाच्या दाण्याएवढं आत गेलं आणि टेकलं.

अण्णा एकदम पुढे गेले. "आणखी आत घाला."

"राव, आत नाहीच. हा सबंध दात आहे. वरून हरीण कोरलंय, मोर कोरलेत, तोंडाशी खूण म्हणून खळगा केलाय. पोखरलेलाच नाही. दाखवायची वस्तू आहे, राव. वापरायची नव्हे."

वहिनी, खरं सांगतो. मला हे आधीपासून ठाऊक होतं. दाणी आली त्याच दिवशी मी अंगठीने तिच्यावर टिचकी मारली होती; उघडू नको म्हणाले होते, वाजवू नको असं म्हणाले नव्हते. माझा जन्म भांडी वाजवून घेण्यात गेला. रिकाम्याचा आवाज ठण्ण, भरलेल्याचा धप्प. पोट असलेल्या वस्तूला पोटाचा आवाज असतो. हिला पोटच नव्हतं. पण मी पत्रात लिहिलं असतं तर अण्णा जन्मभर म्हणाले असते, व्यंकोबाने घाबरून दारू ओतून दिली आणि वर ही थाप मारली. आणि आमच्या दोघांत तेवढी एक अढी राहिली असती. म्हणून त्यांच्या डोळ्यांनी बघणं जरूर होतं. बघितल्यावर त्यांचं काय होईल, ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

अण्णांनी दाणी उचलली. करंगळीचं टोक त्या खळग्यात ठेवलं. मग त्यांनी ती नेहमीसारखी कानाशी धरून हलवली. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

"हुजूर," ते म्हणाले, "म्हणजे ही कधी रिकामी झालेली नाही."

मॅजिस्ट्रेट जवळ आले होते. "रिकामी व्हायला आधी पोकळ असावी लागते, राव."

"आजोबांच्या वेळेला जेवढी भरलेली होती, तेवढीच आज आहे?"

"तेवढीच. यात कमी काही होऊच शकत नाही."

"मग हुकूम मोडलेला नाही," अण्णा म्हणाले, आणि वहिनी, ते हसले. आधी बारीक, मग पोट धरून. "मल्हारजी, भरलेली ठेवा, म्हणे. महाराजांनी सोयच करून दिली होती. आम्ही साठ वर्षं चुलीपासून लांब ठेवतोय." डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कशाचं ते मी विचारलं नाही. मॅजिस्ट्रेटही हसले. स्वामीनाथ हसला आणि चार घागरी पाणी अंगणातल्या केळीला घालायला लावलं.

शेरा असा आहे: शोभेची वस्तू, आतून बाहेरून हस्तिदंत, दारू नाही, परवान्याचं कारण नाही. अण्णांचं म्हणणं होतं की 'भरलेली' असा शब्द घालावा. मॅजिस्ट्रेटनी 'भरीव' घातला. अण्णांना चालला. नक्कल तंजावरला गेली.

आता पांडुरंगराव. मी त्यांना रिकाम्या घागरींजवळ बाजूला घेतलं आणि विचारलं, "आमच्या मुलीत काय उणं दिसलं, की निरोप थांबवलात?"

ते कानकोंडे झाले. "मुलीत काय उणं असणार? नवमीला राव म्हणाले, ही या घराची सगळ्यांत मोठी चीज. आम्हाला वाटलं, एकुलत्या लेकीबरोबर सगळ्यांत मोठी चीजच पाठवतील. आमचं घर झावळ्यांचं, व्यंकोबा. चूल आणि माजघर यांत एक तट्टी आहे. नको म्हणावं तर महाराजांची वस्तू, घ्यावी तर झोप नाही. बायको म्हणाली, गप्प राहा, काहीतरी होईल."

"झालं," मी म्हटलं.

"झालं," ते म्हणाले, आणि तिथेच पायरीवर अण्णांना पानसुपारी दिली. लग्नाला मार्गशीर्ष शुद्ध पंचमी धरली आहे. पंकजाला सांगा, आता दाराचा आवाज झाला की पाण्याचं निमित्त नको, सरळ दार उघडावं.

रात्री अण्णांनी दोन वेळा भात घेतला. विशालाक्षीने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, पोकळ जागा उरली नाही. दाणीचा थर मी पुसून दिला आहे. मोरांचे डोळे इतक्या वर्षांनी दिसायला लागले. पुढच्या नवमीला गोष्ट सांगायचीच म्हणतात. फक्त शेवट बदलणार आहेत. मी म्हटलं, सांगा, खुशाल सांगा, कृष्णमूर्तींना पुढे बसवा.

लग्नाची भांडी माझ्याकडून. त्याचा हिशेब विचारायचा नाही.

तुमचा
व्यंकोबा

ता. क. हे त्यांना सांगू नका. कचेरीतून निघताना अण्णा पांडुरंगरावांबरोबर पुढे गेले होते. स्वामीनाथने मला मागे बोलावून कपाट उघडून दाखवलं. नव्या कायद्याला भिऊन इकडच्या दरबारी घराण्यांनी आणून टाकलेल्या वस्तू तिथे आहेत. त्यात हरणाच्या तोंडाच्या तीन रंजकदाण्या होत्या. तिन्ही भरीव.